जवसाचे तेल आणि परक्या संतांची चित्रे

भिलाईचे नाव निघाले की पोलादाचा कारखाना, त्यासाठी २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत सरकारशी झालेला करार आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी, एवढ्याच गोष्टी सुशिक्षितांच्या स्मरणात येतात; परंतु ज्या जुन्या दुर्ग जिल्ह्याच्या हद्दीत हे नगर वसले, त्या जिल्ह्याच्या भूमीत आणखी एक योग जुळून आलेला आहे आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष सहसा जात नाही. या भागातला शेतकरी भाताचे पीक उभे असतानाच, खाचरातली ओल आटण्यापूर्वी, त्याच शेतात जवस किंवा तिवरा फेकून देतो आणि भात कापल्यावर त्या उरल्या ओलीवर दुसरे पीक घेतो; या पद्धतीला येथे ‘उतेरा’ म्हणतात. जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, आज बालोद जिल्ह्यात मोडणाऱ्या दल्ली-राजहराच्या डोंगरांत, ज्या तांबड्या लोहखनिजावर कारखान्याच्या भट्ट्या चालतात, त्याचीच मऊ, मातकट रूपे म्हणजे आपली गेरू आणि काव. सतराव्या शतकातील युरोपच्या एखाद्या भव्य धर्मचित्रापुढे उभे राहून त्यातले द्रव्य कोणी वेगळे काढू लागला, तर त्याच्या हाती प्रामुख्याने काय लागेल? जवसाचे तेल, लोहयुक्त तांबड्या-पिवळ्या-तपकिरी मातीचे रंग, शिशाचा सफेदा आणि काजळी. हिंगूळ आणि निळा हे महागडे रंग तेथे दागिन्यांइतकेच बेताने वापरलेले असतात. सारांश, या बरोक शैलीच्या चित्राचा बराचसा देह दुर्ग परगण्यात सापडण्यासारखा आहे. सापडत नाही ते चित्र.

हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. भोसल्यांच्या अमदानीत, बिंबाजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर १७८७ पासून १८१८ पर्यंत छत्तीसगडचा कारभार रतनपूरच्या सुभेदारांकडे होता आणि त्यांच्या दप्तरांच्या मागोमाग मराठी कारकून, भिक्षुक, शिलेदार या मुलखात येऊन स्थायिक झाले, तेव्हा जवस हे दिव्याचे, चटणीचे आणि घाण्याचे पीक होते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोचला, १८८२ च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वे राजनांदगावपर्यंत आली, आणि या भागातील गळिताचे धान्य मुंबई बंदरातून विलायतेस जाऊ लागले. तिकडच्या गिरण्यांत त्याचे तेल निघे. त्या तेलाचा मोठा भाग घरे आणि जहाजे रंगविण्यात व गालिच्यासारखे मेणकापड करण्यात खपे, पण एक लहानसा, अतिशुद्ध केलेला अंश चित्रकारांच्या रंगात जाई. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये कथलाची दाबता येणारी नळी शोधून काढल्यापासून असे रंग जगभर पाठविणे सुकर झाले होते. मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतला विद्यार्थी लंडनच्या विन्सर आणि न्यूटन कंपनीची नळी उघडून सफेदा बाहेर काढी, तेव्हा त्यात छत्तीसगडच्या खाचरातल्या जवसाचा एखादा थेंब असलाच, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. कच्चा माल येथून जाऊन पक्का माल येथे येण्याची ही रीत कापसाच्या बाबतीत आपण शाळेत घोकलेली आहे. कलेच्या बाबतीत मात्र ती कोणी शिकविली नाही.

परंतु तेल आणि माती मिळाली म्हणजे तैलचित्र येत नाही. ही विद्या युरोपातही नकलेनेच शिकली जाई, आणि ती तशी का शिकली जाई हे कळण्यासाठी बरोक चित्र बांधले कसे जाते ते पाहावे लागेल. जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश असतो. बरोक चित्रकार मात्र बहुधा कॅनव्हासला आधीच तपकिरी किंवा तांबूस अस्तर देई, म्हणजे अंधारातून आरंभ करी, आणि प्रकाश नंतर सफेद्याने, जेथे हवा तेथेच, चढवी. त्या अस्तरावर आकृत्या प्रथम एकाच रंगाच्या गडद-फिक्या छटांत उभ्या केल्या जात. तो थर वाळला की त्यावर कातडीचा, वस्त्राचा, रक्ताचा रंग चढे. आणि तोही वाळल्यावर तेलात पातळ केलेल्या पारदर्शक रंगाचे लेप एकावर एक देऊन छाया खोल केल्या जात. जवसाचे तेल उडून जाऊन वाळत नाही, ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. त्यामुळे एकेका थराला दिवस लागतात. पूर्ण झालेल्या चित्रात हे थर दिसत नाहीत, दिसतो तो केवळ परिणाम. एखाद्याने नुसते पाहून असा परिणाम साधू म्हटले तर तो सगळे रंग एकाच वेळी पॅलेटवर कालवतो आणि चित्राचा चिखल होतो. मूळ चित्रापुढे घडवंची मांडून त्याची नक्कल करणाऱ्यालाच कोणता थर आधी आणि कोणता नंतर, याचा उलगडा होत जातो, कारण क्रम चुकला की नक्कल जमतच नाही.

म्हणूनच रूबेन्ससारखा राजमान्य चित्रकार वयात आल्यावरही कॅराव्हॅजोच्या ‘ख्रिस्ताचे दफन’ या चित्राची आपल्या परीने प्रत काढतो, आणि पन्नाशी उलटल्यावर माद्रिदमध्ये राजकारणाच्या कामगिरीवर गेला असतानाही टिशनची चित्रे उतरवीत बसतो. पॅरिसचे लूव्हर संग्रहालय १७९३ साली लोकांना खुले झाले, तेव्हाही नक्कल करायला येणाऱ्या कलावंतांसाठी दिवस राखून ठेवलेले असत. गंमत अशी की, बरोकांचा मेरुमणी रेम्ब्रांट याने तर १६५६ नंतरच्या काही वर्षांत मोगल लघुचित्रांच्या सुमारे दोन डझन नकला केल्या. डच कंपनीच्या वखारी सुरतेस आणि आपल्या वेंगुर्ल्यास होत्या, आणि अशाच व्यापाराच्या वाटेने ती हिंदुस्थानी चित्रे अॅमस्टरडॅमला पोचली असावीत. ज्या काळात आमचे कलावंत फ्लेमिश ठसे उतरवीत होते, त्याच काळात फ्लेमिशांच्या शेजारचा सर्वश्रेष्ठ चित्रकार आमचे जहांगीर-शहाजहान उतरवीत होता. नकलेला हिणविणाऱ्यांनी हा प्रसंग डोळ्यांआड करू नये.

आमच्याकडे युरोपीय धर्मचित्राची नक्कल सुरू झाली ती गोव्यात, आणि ती फार विचित्र अटींवर सुरू झाली. चर्चच्या वेदी सजवायच्या तर संतांची चित्रे हवीत. लिस्बनहून चित्रे आणणे खर्चाचे आणि समुद्राच्या लहरीवर अवलंबून. शिकलेले चित्रकार मूठभर. हाताशी होते ते येथलेच सुतार, चितारी आणि सोनार, आणि त्यांतले पुष्कळ हिंदू. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती प्रतिमा घडवू नयेत, अशा अर्थाचे मनाईहुकूम सोळाव्या शतकात गोव्यात एकाहून अधिक वेळा निघाले. हुकूम पुनःपुन्हा काढावा लागतो याचा अर्थ तो पाळला जात नाही. कोणत्याही दप्तरात बसलेल्या माणसाला हे सांगायला नको. गोव्याचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने १५४७ साली आपल्या पूर्वाधिकाऱ्यांची लाकडी फळ्यांवर जी मोठी चित्रे करविली, ती इतिहासकार गास्पार कोर्रैया याच्या देखरेखीखाली एका स्थानिक चिताऱ्याने रंगविली. कोर्रैयाचे नाव राहिले, चिताऱ्याचे राहिले नाही. पुढे त्या चित्रांवर दुरुस्तीच्या नावाखाली इतके रंग चढले की मूळ हात शोधणे जुन्या गोव्याच्या संग्रहालयातल्या प्रेक्षकाला आज अवघड जाते.

या कारागिरांपुढे नमुना म्हणून जे ठेवले जाई, ते चित्र नसून बहुधा चित्राचा ठसा असे. अँटवर्पच्या तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली आणि कागदावर छापलेली संतचरित्रे जेझुइटांनी जगभर नेली; जेरोनिमो नादाल याच्या १५९३ साली प्रसिद्ध झालेल्या बायबल-चित्रग्रंथात असे १५३ ठसे आहेत, आणि चीनपासून पेरूपर्यंत त्यांवरून चित्रे झाली. अशा ठशात रेषा असते, आकृत्यांची रचना असते, छायाप्रकाशही बारीक रेघांच्या जाळ्यातून सुचविलेला असतो. रंग मात्र नसतो. मेरीचा झगा निळा असावा हे पाद्री सांगे. पण कोणता निळा, संताच्या गालावर तांबूस किती आणि पिवळसर किती, पाठीमागच्या डोंगराची झाडी कशी, हे कारागिराने आपल्या डोळ्यांतून काढायचे. गोव्याच्या हस्तिदंती आणि लाकडी मूर्तींतील संतांच्या मिटत्या पापण्या आणि घडीदार वस्त्रे पाहिली, म्हणजे या पोकळ जागा कोणत्या स्मरणाने भरून निघाल्या असतील याची कल्पना येते.

अकबराच्या दरबारी झाले तेही काहीसे असेच. गोव्याहून निघालेले पहिले जेझुइट पाद्री फेब्रुवारी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीस पोचले आणि त्यांनी प्लांतँच्या छापखान्यातील अनेक भाषांतील बायबल बादशहाला नजर केले. त्यातील ठसे मोगल चित्रकारांनी इतक्या चपळाईने आत्मसात केले की अबुल हसनने आपल्या तेराव्या वर्षी ड्यूररच्या ठशातील संत जॉनची आकृती उतरविलेली आज ऑक्सफर्डला आहे. परंतु मोगल कारखान्यात तैलरंग रुजला नाही. त्यांनी रचना घेतली, छाया घेतली आणि माध्यम परत केले. याबद्दल हळहळण्याचे कारण नाही, कारण कागदावर हाताच्या अंतरावरून पाहण्याच्या चित्राला तेल हवेच कशाला?

मराठी मुलखात पाश्चात्य चित्रणाची पहिली शाळा पेशवाईच्या उतरणीला निघाली. चार्ल्स मॅलेट हा पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा वकील असताना जेम्स वेल्स हा स्कॉट चित्रकार तेथे आला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे त्याने १७९२ साली रंगविलेले तैलचित्र प्रसिद्धच आहे. पेशव्यांच्या आश्रयाने या काळी पुण्यात चित्रशाळा चालली आणि तिच्यात गंगाराम तांबट हा अत्यंत गुणी आलेखक पुढे आला. वेरूळ-कार्ल्याची त्याने काढलेली चित्रे आज परदेशच्या संग्रहांत आहेत. वेल्स १७९५ मध्ये वारला, त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले, आणि शाळा वाऱ्यावर गेली. गंगारामाने तैलरंग हाताळले असते तर काय झाले असते, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. पण मराठी माणसाला तैलचित्र समोरासमोर पाहायला मिळाले आणि ते चित्र ख्रिस्ताचे नसून पेशव्यांचे होते, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतरची सलग परंपरा सुरू होते ती मार्च १८५७ मध्ये. जमशेटजी जिजीभाईंच्या १ लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत उभी राहिलेली कलाशाळा प्रथम एल्फिन्स्टन संस्थेच्या आश्रयास होती. तिला १८६५ साली लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोघे शिक्षक विलायतेहून मिळाले, आणि आजची इमारत १८७८ मध्ये झाली. अभ्यासक्रम दक्षिण केन्सिंग्टनच्या नमुन्याचा. प्रथम छापील पाटीवरून वेलबुट्टी उतरवायची, मग घनाकृती, मग ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लॅस्टरचे ठसे कोळशाने छायांकित करायचे, आणि एवढे पचल्यावर जिवंत माणूस. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांच्या रूपाने या क्रमाचा उष्टा घास महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत गेला, आणि ‘फ्रीहँड’ या नावाखाली नक्कल करण्याइतके परतंत्र काम आम्ही पिढ्यान्‌पिढ्या निष्पाप मनाने केले. तथापि या शाळेत एक गोष्ट नव्हती: मूळ चित्रे. रूबेन्स किंवा गिदो रेनी यांचे कॅनव्हास मुंबईत नव्हते. होते ते त्यांचे ठसे, शिळाछापे आणि पुढे तेलरंगाचा भास करणारी ओलिओग्राफ. गोव्याच्या कारागिराची अडचण तीनशे वर्षांनी मुंबईच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आली.

ही अडचण ग्रिफिथ्सने अत्यंत अनपेक्षित रीतीने सोडविली. निदान सोडविण्याचा प्रयत्न केला. मूळ धर्मचित्रे हवीत ना, तर ती निजामाच्या मुलखात, औरंगाबादेपासून काही मजलांवर, वाघूर नदीच्या कड्यात पडून आहेत. १८७२ पासून १८८५ पर्यंत, मध्ये खंड पडत, हिवाळ्याच्या हंगामात त्याने आपले विद्यार्थी अजिंठ्यास नेले आणि बोधिसत्त्व, जातककथा, नक्षीची छते कॅनव्हासवर तैलरंगांत उतरवून घेतली. त्यापूर्वी मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल यास कंपनी सरकारने १८४४ साली याच कामावर तैनात केले होते. त्याच्या पारो या प्रेयसीची कहाणी मराठी वाचकांना त्याच्या चित्रांपेक्षा अधिक परिचित आहे, आणि त्याला कारणही आहे, कारण लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलेली त्याची बहुतेक चित्रे १८६६ च्या आगीत भस्मसात झाली. नियतीचा आग्रह असा की ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांचे कामही दक्षिण केन्सिंग्टनच्या संग्रहालयात १८८५ साली लागलेल्या आगीत पुष्कळसे गेले. जे उरले त्याच्या आधारे १८९६-९७ मध्ये त्याचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला.

पण आगीपेक्षाही विचार करायला लावणारी गोष्ट निराळी आहे. अजिंठ्याचे चित्र हे माती, भुसा आणि चुन्याच्या लेपावर डिंकासारख्या बंधकात कालविलेल्या रंगाचे चित्र. त्याचा प्रकाश बाहेरून येत नाही, तो आकृतीच्या कातडीतूनच उजळतो, आणि उंचवटा दाखवायला तेथे छाया नसून रंगाची गडद कड असते. तेच चित्र जवसाच्या तेलात, युरोपीय छायाप्रकाशाची सवय लागलेल्या हाताने उतरविले, की पद्मपाणीच्या खांद्यावर नकळत खिडकीचा उजेड पडतो. पेस्तनजी बोमनजी हे या मंडळीतले सर्वांत निष्णात. त्यांच्या पुढच्या व्यक्तिचित्रांत जी ऊबदार तपकिरी खोली दिसते, ती अजिंठ्याच्या अंधारात तेल वापरायला शिकल्याचे फळ आहे असे मला वाटते. गोव्यात रचना होती आणि रंग नव्हता. अजिंठ्यात रंगासकट मूळ चित्र होते, पण माध्यम भलतेच. आमच्या नक्कलकाराला संपूर्ण नमुना असा कधी मिळालाच नाही, आणि जो भाग मिळाला नाही तो त्याने आपल्या घरून आणला.

यात तेलाने अजिंठ्याचे नुकसानही केले, हे लपविण्यात अर्थ नाही. चित्रे अधिक स्पष्ट दिसावीत म्हणून गिलने आणि नंतर ग्रिफिथ्सच्या मंडळींनी भिंतींवर व्हार्निश फासले. ते काळानुसार पिवळे-काळे पडले, आणि १९२० च्या सुमारास निजाम सरकारला चेक्कोनी या इटालियन जीर्णोद्धारकास पाचारण करावे लागले. त्यानेही जो लाखेचा लेप दिला तो पुढे काळवंडला. ज्या द्रव्याने कॅनव्हासवरची छाया खोल होते, त्याच जातीच्या द्रव्याने गुंफेतला उजेड मंदावला.

युरोपीय धर्मचित्रांच्या नकलांचा खरा तंटा मात्र मुंबईत न होता कलकत्त्यात झाला. तेथील सरकारी कलाशाळेला लॉर्ड नॉर्थब्रुकच्या काळात, १८७६ साली, चित्रदालन जोडण्यात आले आणि त्यात जुन्या युरोपीय आचार्यांच्या चित्रांच्या नकला लावल्या गेल्या, जेणेकरून विद्यार्थ्यांनी नकलांच्या नकला कराव्यात. १८९६ मध्ये ई. बी. हॅवेल हा प्राचार्य झाला. हिंदुस्थानच्या चित्रकाराने मोगल आणि अजिंठ्याकडे वळावे या मताचा तो कडवा पुरस्कर्ता, आणि त्याने ही चित्रे हळूहळू बाजूला सारून शेवटी विकण्याची व्यवस्था केली. विद्यार्थी मात्र संतापले, आणि रणदाप्रसाद गुप्त यांच्या पुढाकाराने १८९७ साली ज्युबिली आर्ट अकॅडमी या नावाची पाश्चात्य पद्धतीची वेगळी शाळा निघाली. म्हणजे एका इंग्रजाने स्वदेशी कलेचा आग्रह धरला आणि बंगाली तरुणांनी विलायती नकलांसाठी संप केला. या प्रसंगाला देशद्रोह किंवा देशभक्ती अशा शिक्क्यांत बसविणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की त्या तरुणांना हस्तकौशल्य हवे होते, आणि जुने तैलचित्र पुढ्यात असल्याशिवाय ते येत नाही हे त्यांना ठाऊक होते.

मुंबईत असा भडका उडाला नाही, कारण मुंबईची वृत्तीच व्यवहारी. म. वि. धुरंधर १८९० साली शाळेत आले आणि १९३१ पर्यंत तेथेच राहिले. त्यांच्या आठवणींच्या ग्रंथाच्या नावातच ही एकेचाळीस वर्षे आहेत. त्यांच्या पिढीने तैलरंग हे पुराणकथा, व्यक्तिचित्रे आणि सार्वजनिक सभागृहे यांच्या कामी लावले. राजा रविवर्म्याची बडोद्यासाठी केलेली चौदा पौराणिक चित्रे बडोद्यास जाण्यापूर्वी मुंबईत लोकांना दाखविली गेली, तेव्हा ती पाहायला गर्दी लोटली; आणि त्यांतल्या मातृमूर्तींच्या मागे ओलिओग्राफांतून पाहिलेल्या मेरीची बैठक आहे, हे ज्याला दिसते त्याला ते सांगावे लागत नाही. मूळ युरोपीय कॅनव्हास सामान्य नागरिकाला जवळून पाहता येणे मात्र उशिरा घडले: बडोद्याचे चित्रालय सयाजीराव महाराजांच्या संग्रहासह १९२१ मध्ये खुले झाले, आणि मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय १९२२ मध्ये, ज्यात टाटा बंधूंच्या संग्रहांतील युरोपीय चित्रे आली.

या सगळ्या काळात एका घराण्याची हकीकत मला विशेष बोलकी वाटते. अंतोनियो झेवियर त्रिंदाद, जन्म १८७०, हे गोव्याचे; जमशेटजी कलाशाळेत शिकले आणि तेथेच शिक्षक झाले. बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना १९२० साली मिळाले ते आपल्या पत्नीच्या चित्रासाठी. त्यांना लोक ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणत. हे बिरुद ऐकून आज कोणी हसेल, पण त्यांच्या चित्रांत एका बाजूने येणारा मंद प्रकाश, बाकी सारा तपकिरी काळोख आणि त्यातून वर येणारा चेहरा पाहिला, म्हणजे ते अगदीच खुशामतीचे वाटत नाही. गोव्याच्या चर्चमध्ये मेणबत्तीच्या उजेडात लहानपणी पाहिलेली वेदी आणि मुंबईच्या वर्गात शिकलेला छायाप्रकाश यांचा संगम त्यांच्या हातात झाला असणे शक्य आहे. मात्र त्यांनी रंगविले ते साधू, बाजारातल्या स्त्रिया, घरची माणसे. त्यांची मुलगी अँजेला हिने उलटी वाट धरली: विषय ख्रिस्ती घेतले, पण मेरीला साडी नेसविली आणि रेषा अजिंठ्याकडची उचलली. बापलेकींच्या कामाचा मोठा ठेवा आज पणजीस आहे, आणि तो सलग पाहत गेल्यास चारशे वर्षांचा वाद एका घरात मिटलेला किंवा न मिटलेला, आपापल्या दृष्टीप्रमाणे, दिसतो.

तिसरी वाट आंजेलो द फोन्सेका यांची. सांतो इस्तेव्हांव या गावी १९०२ साली जन्मलेल्या या तरुणाने वैद्यकी सोडली, मुंबईची कलाशाळाही फार काळ मानवली नाही, आणि तो शांतिनिकेतनास गेला. परत आल्यावर गोव्यात त्याने गोमंतकीय स्त्रीच्या वेषातील मेरी काढली, तेव्हा बरोक वेदींच्या सावलीत वाढलेल्या त्याच्या समाजाला ती रुचली नाही. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्याला आसरा दिला आणि १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो पुण्यातच रंगवीत राहिला, बहुतेक जलरंगांत. ज्यांच्या पूर्वजांना ठशावरून संत उतरविताना मेरीचा रंग स्वतः शोधावा लागला होता, त्यांनाच पुढे तो रंग परका भासू नये आणि शोधलेला नवा रंग मात्र परका भासावा, ही परंपरेची गंमत आहे.

आता भिलाईकडे वळतो. या नगरात मराठी माणसे दोन लाटांनी आली: एक भोसल्यांच्या सुभ्याबरोबर रायपूर-दुर्गात स्थिरावलेली जुनी घराणी, आणि दुसरी कारखान्याच्या भरतीबरोबर नागपूर-अमरावतीकडून आलेली. सेक्टरांच्या या वसाहतीत चित्रकलेची वृत्ती परिस्थितीमुळेच घडली. खैरागडच्या राजघराण्याने आपला राजवाडा देऊन १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन केले, तेव्हा खैरागड याच दुर्ग जिल्ह्यात होते. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारखा मराठी संगीताचार्य तेथे कुलगुरू होऊन गेला, आणि पुढे चित्र-शिल्पाचे शिक्षणही त्या राजवाड्यात रुजले. भिलाईच्या सिव्हिक सेंटरमध्ये नेहरू आर्ट गॅलरी झाली. कारखान्यातील कित्येक अभियंते प्रशिक्षणासाठी सोव्हिएत देशात जाऊन आले, तिकडचे तज्ज्ञ सहकुटुंब येथे राहिले, आणि त्या काळात लेनिनग्राडच्या ऑरोरा प्रकाशनाची चित्रसंग्रहांची जाड पुस्तके भारतात अत्यल्प किमतीत मिळत. ज्या निरीश्वरवादी राज्याने चर्चना कुलुपे लावली, त्याच राज्याने हर्मिटेजमधील संत आणि मेरी रंगीत छापून मध्यमवर्गीय कपाटांत पाठविले. रंगांचीही टंचाई उरली नाही. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या कॅमलिनच्या नळ्या पुढे कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळू लागल्या.

त्या पुस्तकांतले सर्वांत वारंवार उघडलेले पान बहुधा रेम्ब्रांटच्या ‘उधळ्या पुत्राचे पुनरागमन’ या चित्राचे असावे. हे चित्र त्याने आयुष्याच्या शेवटी, १६६९ च्या सुमारास पुरे केले आणि १७६६ साली रशियाच्या दुसऱ्या कॅथरिनने ते विकत घेतले. त्यातील प्रसंग बायबलमधला असला तरी घर सोडून गेलेला मुलगा परत येऊन बापाच्या पायाशी गुडघे टेकतो ही गोष्ट समजायला कोणत्याही धर्माची सनद लागत नाही, आणि दूरदूरच्या प्रांतांतून नोकरीसाठी येऊन राहिलेल्या नगरात तर ती विशेषच जवळची. नक्कल शिकणाऱ्याला हे चित्र फार सोयीचे: रंग थोडे, तपकिरी अस्तर बहुतांश दिसत राहणारे, आकृत्या स्थिर. चौकटी आखून रचना वाढविता येते. तांबूस मातीचे अस्तर देता येते. पहिला थर सफेदा आणि तपकिरी यांत उभा करून आठवडाभर वाळू देता येतो. पावसाळ्यात हा थर लवकर वाळत नाही आणि घाई केली की वरचा लेप खालच्यात मिसळतो, म्हणून हे काम थंडीत धरावे, एवढा व्यवहारी सल्ला येथे द्यायला हरकत नाही.

अडचण येते ती शेवटी. मूळ कॅनव्हास २६२ सेंटिमीटर उंच आणि २०५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे बापाची आकृती जवळजवळ पुऱ्या माणसाएवढी; पुस्तकाच्या पानावर ती बोटभर होते. त्याच्या तांबड्या उपरण्याच्या खालची, अंगरख्याची सोनेरी बाही मूळ चित्रात रंगाचे जाड थर चढवून, खरवडून, पुन्हा लिंपून उभी केलेली आहे आणि तिच्यावर पडणारा उजेड त्या उंचवट्यांवर प्रत्यक्ष अडतो. छापील पानावर ती गुळगुळीत पिवळी दिसते. ती बाही किती जाड लिंपायची, सफेदा किती घट्ट ठेवायचा, कोठे पातळ लेप देऊन खालची माती दिसू द्यायची, हे पानावर कोठेही लिहिलेले नाही, आणि भिलाईतल्या शिकाऊ चित्रकाराला ते आपल्याच नळीतला रंग खर्चून ठरवावे लागते.